अक्यूट ल्युकेमियाचे निदान : प्रयोगशाळेत फ्लो सायटोमेट्री कशी वाचावी

अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे तीव्र रक्तकर्करोग, या आजारात अस्थिमज्जेतील अपक्व पेशी पक्व होण्याच्या वाटेवर मध्येच थांबतात आणि त्याच अवस्थेत त्यांची संख्या इतकी वाढते, की निकोप रक्तनिर्मितीला जागाच उरत नाही. या अपक्व पेशींना ब्लास्ट म्हणतात. ताप, फिकटपणा, हिरड्यांतून रक्त येणे किंवा त्वचेवर लाल-जांभळे ठिपके उमटणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाच्या रक्ताच्या स्लाइडवर ब्लास्ट दिसले, तरी निदान तेवढ्याने पुरे होत नाही. हे ब्लास्ट मायलॉइड कुळातले आहेत की लिम्फॉइड, आणि लिम्फॉइड असतील तर बी की टी, हे ठरल्यावाचून उपचार सुरू करता येत नाहीत, कारण मायलॉइड आणि लिम्फॉइड ल्युकेमियाच्या औषधयोजना औषधे, मात्रा आणि कालावधी या सर्वच बाबतींत भिन्न आहेत. ब्लास्टच्या पेशीद्रव्यात ऑअर रॉड, म्हणजे लालसर काडीच्या आकाराचे कण, दिसले तर पेशी मायलॉइड असल्याचा निर्वाळा सूक्ष्मदर्शकच देतो. परंतु अनेक रुग्णांत अशी खूण नसते आणि दोन्ही कुळांतले ब्लास्ट दिसायला सारखेच असतात. अशा वेळी पेशीच्या पृष्ठभागावरील आणि आतील प्रथिने ओळखून काही तासांत पेशीकुळ सांगणारी चाचणी म्हणजे फ्लो सायटोमेट्री.

ही चाचणी महाराष्ट्रातील मोठ्या शहरांतल्या बऱ्याच प्रयोगशाळांत उपलब्ध झाली आहे, आणि म्हणूनच तिच्याकडून काय अपेक्षावे व काय अपेक्षू नये याची स्पष्टता आवश्यक झाली आहे. फ्लो सायटोमेट्री ब्लास्ट मोजण्याचे यंत्र नव्हे. ती ब्लास्टचे पेशीकुळ आणि त्यांचे वेगळेपण दाखवणारी चाचणी आहे, आणि हे वेगळेपण त्याच ट्यूबमधील निकोप पेशींशी ताडून पाहिल्यावरच अर्थपूर्ण ठरते. लिम्फोसाइट, मोनोसाइट, न्यूट्रोफिल आणि निकोप पूर्वज पेशी आलेखावर कोठे व कशा दिसतात हे ज्याच्या डोळ्यांत पक्के बसलेले नाही, त्याला विकृत पेशी ओळखता येणार नाहीत. पुढील सर्व सूचना या एका मुद्द्याभोवती आहेत.

यंत्राचे तत्त्व थोडक्यात असे, की द्रवात तरंगणाऱ्या पेशी एकेक करून लेसरच्या झोतापुढून नेल्या जातात आणि प्रत्येक पेशीमुळे विखुरलेला प्रकाश टिपला जातो. सरळ दिशेने विखुरलेला प्रकाश पेशीच्या आकारमानाची, तर बाजूला विखुरलेला प्रकाश तिच्यातील कणमयतेची कल्पना देतो. हा दुसरा मोजमापाचा घटक साइड स्कॅटर या नावाने ओळखला जातो. त्याशिवाय पेशीवरील विशिष्ट प्रथिनांना, म्हणजे प्रतिजनांना, चिकटणारी प्रतिपिंडे चमकणाऱ्या रंगद्रव्यांसह नमुन्यात मिसळलेली असतात आणि लेसर पडताच ती आपापल्या रंगात उजळतात. १९७५ साली केंब्रिज येथे क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रतिजनाला नेमकी चिकटणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे तयार करण्याची रीत शोधल्यावर या तंत्राला खरे बळ मिळाले, आणि १९८२ साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेपासून पांढऱ्या पेशींवरील प्रतिजनांना सीडी क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. प्रयोगशाळेतील दैनंदिन भाषेत त्यांना मार्कर म्हणतात, आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

नमुना

फ्लो सायटोमेट्रीतील अनेक चुका यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच झालेल्या असतात. अस्थिमज्जेचा नमुना घेताना पहिल्या ओढीत आलेला मज्जेचा अंश सर्वांत कसदार असतो; पुढच्या प्रत्येक ओढीत शिरेतील रक्त अधिकाधिक मिसळत जाते. नव्या रुग्णाच्या निदानासाठी पहिल्या ओढीतून स्लाइड कराव्यात आणि त्यानंतरचा नमुना फ्लो सायटोमेट्रीला द्यावा, कारण ब्लास्टची टक्केवारी स्लाइडवरून ठरायची असते. उपचारानंतर शिल्लक राहिलेले अत्यल्प ब्लास्ट शोधायचे असतील, तर मात्र हा क्रम उलटा करून पहिला अंश फ्लो सायटोमेट्रीलाच राखून ठेवावा.

ईडीटीएच्या ट्यूबमधील नमुना शक्यतो २४ तासांच्या आत आणि फार तर ४८ तासांपर्यंत तपासावा. हेपॅरिनमध्ये पेशी थोड्या अधिक काळ तग धरतात, पण हेपॅरिनच्या नमुन्यावर स्लाइडचे रंजन बिघडते आणि जनुकीय तपासणीच्या पीसीआर प्रक्रियेत अडथळा येतो, म्हणून दोन्ही ट्यूब पाठवणे सर्वांत चांगले. नमुना गोठवू नये आणि बर्फातही ठेवू नये. १८ ते २५ अंश सेल्सिअस हे तापमान योग्य. विदर्भ-मराठवाड्यातून मे महिन्यात मुंबई-पुण्याकडे कुरिअरने जाणाऱ्या नमुन्याबाबत ही सूचना काटेकोरपणे पाळावी लागते, कारण तेथे बाहेरचे तापमान ४० अंशांच्या वर असते आणि त्यावर उपाय म्हणून घातलेल्या गोठलेल्या जेलच्या पाकिटाला ट्यूब थेट टेकली, तर पेशी उष्णतेऐवजी थंडीने नष्ट होतात. पाकीट आणि ट्यूब यांच्यामध्ये कापसाचा किंवा कागदाचा जाड थर असावा.

नमुन्यासोबत किमान दोन-तीन न रंगवलेल्या स्लाइड, रक्तगणनेचा अहवाल आणि रुग्णाचे वय, लक्षणे व आधीचे उपचार यांची टिपणी आलीच पाहिजे. ही माहिती नसेल तर नमुना स्वीकारताना दूरध्वनी करून ती मिळवावी. ब्लास्ट न पाहता केवळ आलेखावरून निष्कर्ष काढणे ही या क्षेत्रातील सर्वांत धोक्याची सवय आहे. विशेषतः स्टिरॉइड सुरू झाले आहे का, हे विचारणे अगत्याचे असते, कारण लिम्फॉइड ब्लास्ट स्टिरॉइडने झपाट्याने मरतात आणि दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनीही चित्र पुसट होऊ शकते. मज्जा ओढूनही काहीच आले नाही, तर हाडाच्या बायोप्सीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न टाकता सलाइनमध्ये पाठवावा. तो हलक्या हाताने सुटा करून त्यातल्या पेशी तपासता येतात. रक्तात ब्लास्ट पुरेसे असतील तर रक्ताचा नमुनाही पेशीकुळ सांगण्यास पुरतो.

नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यावर प्रथम पेशीगणना करावी आणि दर ट्यूबमध्ये साधारण ५ ते १० लाख पेशी येतील असे प्रमाण ठेवावे. ज्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर २ लाखांवर गेल्या आहेत, त्याचा नमुना पातळ न करता वापरला, तर प्रतिपिंडे अपुरी पडून मार्कर खोटे निस्तेज दिसतात, आणि हा दोष यंत्र दाखवून देत नाही. तांबड्या पेशी विरघळवण्यासाठी अमोनियम क्लोराइड वापरणारी द्रावणे पेशींना तुलनेने सौम्य असतात. मृत पेशी प्रतिपिंडे वाटेल तशी शोषून घेतात, म्हणून जुन्या किंवा संशयास्पद नमुन्यात जिवंत पेशींचे प्रमाण मृतपेशीदर्शक रंगद्रव्याने पाहावे. तरीही असा नमुना सरसकट नाकारू नये, कारण ल्युकेमियाच्या रुग्णाची मज्जा पुन्हा काढणे सोपे नसते. मर्यादा अहवालात नमूद करून मिळेल ती माहिती देणे हाच योग्य मार्ग.

मार्करची निवड

सुरुवातीच्या ट्यूबमध्ये एकच प्रश्न सोडवायचा असतो : पेशीकुळ कोणते? युरोपातील युरोफ्लो या संशोधकगटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेली आठ रंगांची प्राथमिक ट्यूब यासाठी आदर्श मानली जाते. तिच्यात पेशीद्रव्यातील सीडी ३, मायलोपेरॉक्सिडेज आणि सीडी ७९ए, तर पृष्ठभागावरील सीडी ४५, सीडी ३४, सीडी १९, सीडी ७ आणि सीडी ३ हे मार्कर असतात. या एका ट्यूबचा कल पाहून पुढचे सविस्तर पॅनल निवडता येते, आणि महागडी प्रतिपिंडे अकारण खर्च होत नाहीत. भारतीय प्रयोगशाळांसाठी तज्ज्ञांच्या राष्ट्रीय बैठकीतून तयार झालेल्या शिफारशी २००८ साली प्रसिद्ध झाल्या. ज्या प्रयोगशाळा नव्याने चाचणी सुरू करत आहेत त्यांनी त्या आणि युरोफ्लोच्या कार्यपद्धती शेजारी ठेवून आपले पॅनल बांधावे. चार-पाच रंगांचे जुने यंत्र असेल तर मार्कर अनेक ट्यूबमध्ये विभागावे लागतात, परंतु प्रत्येक ट्यूबमध्ये सीडी ४५ असलेच पाहिजे, अन्यथा एका ट्यूबमधील ब्लास्ट दुसरीत कोणते हे सांगता येत नाही.

पेशीद्रव्यातील मार्करचा आग्रह अनेकांना खर्चिक वाटतो, पण त्यामागचे जीवशास्त्र समजून घेतल्यास तो पटतो. टी-पेशी घडताना सीडी ३ हे प्रथिन आधी पेशीच्या आत तयार होते आणि बऱ्याच उशिरा पृष्ठभागावर येते. म्हणून अपक्व टी-ब्लास्टच्या पृष्ठभागावर ते शोधणाऱ्याला बहुधा काहीच सापडत नाही. मायलोपेरॉक्सिडेज तर मायलॉइड पेशींच्या कणांमध्येच असते. पृष्ठभागावरील मार्करवर भागवणारी प्रयोगशाळा टी-ल्युकेमिया हुकवते, किंवा सीडी १३ आणि सीडी ३३ दिसले म्हणून बी-ल्युकेमियाला मायलॉइड ठरवून बसते.

सीडी ४५ आणि साइड स्कॅटर

१९९० च्या दशकात रूढ झालेली एक साधी युक्ती आजही विश्लेषणाचा पाया आहे. सीडी ४५ हा मार्कर जवळपास सर्व पांढऱ्या पेशींवर असतो, परंतु तो लिम्फोसाइटवर सर्वांत तेजस्वी, मोनोसाइटवर त्याखालोखाल, न्यूट्रोफिलवर मध्यम आणि ब्लास्टवर मंद असतो. एका अक्षावर सीडी ४५ आणि दुसऱ्यावर साइड स्कॅटर घेतले की या पेशींचे वेगवेगळे पुंजके दिसतात आणि मंद सीडी ४५ व कमी कणमयता असलेल्या भागात ब्लास्ट सापडतात. या भागाभोवती आखलेल्या सीमेला गेट म्हणतात.

परंतु ब्लास्टचे गेट म्हणजेच ब्लास्ट, असे समजणे घातक आहे. त्याच भागात बेसोफिल, निकोप पूर्वज बी-पेशी, प्लाझ्मा पेशींचा काही अंश, कणमयता हरवलेले न्यूट्रोफिल आणि चुरा झालेल्या पेशीही येतात. उलटपक्षी काही ब्लास्ट या गेटच्या बाहेर असतात. बी-लिम्फोब्लास्टवर सीडी ४५ मुळीच नसू शकते आणि ते न विरघळलेल्या तांबड्या पेशींच्या पुंजक्यात लपतात. तांबड्या पेशींच्या कुळातले ब्लास्टही तेथेच आढळतात. मोनोसाइट कुळातील ल्युकेमियात मोनोब्लास्ट आणि प्रोमोनोसाइट हे मोनोसाइटच्या भागात सरकलेले असतात, आणि प्रोमोनोसाइट हे निदानात ब्लास्टइतकेच धरले जात असल्याने तो भाग न पाहणाऱ्या अहवालात ‘ब्लास्ट ४ टक्के’ असे दिशाभूल करणारे वाक्य छापले जाते. प्रोमायलोसाइटिक ल्युकेमियाच्या पेशी कणमय असल्याने न्यूट्रोफिलच्या दिशेने पसरतात. म्हणून प्रथम सर्व पेशी रंगवून संपूर्ण आलेख पाहावा, निकोप पुंजके एकेक करून ओळखून बाजूला काढावेत, आणि जे उरते त्याचा विचार करावा. लहान मुलाच्या मज्जेत सीडी ४५ नसलेला आणि सीडी ५६ असलेला पुंजका दिसला, तर तो ल्युकेमिया नसून न्यूरोब्लास्टोमासारखा मज्जेत पसरलेला अन्य अर्बुद असू शकतो, हेही लक्षात असावे.

याच कारणांमुळे ब्लास्टची टक्केवारी फ्लो सायटोमेट्रीवरून सांगू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ सालच्या वर्गीकरणाने मायलॉइड ल्युकेमियासाठी ब्लास्टची सीमा ३० वरून २० टक्क्यांवर आणली आणि २०२२ च्या आवृत्तीत काही ठरावीक जनुकीय बदल आढळल्यास ही सीमाही आवश्यक राहिलेली नाही. पण जेथे टक्केवारी लागते, तेथे ती मज्जेच्या स्लाइडवर डोळ्यांनी मोजलेली असावी असेच अभिप्रेत आहे. फ्लोच्या नमुन्यात रक्त मिसळलेले असते आणि तांबड्या पेशी विरघळवताना केंद्रक असलेल्या अपक्व तांबड्या पेशींचाही काही भाग जातो, त्यामुळे भागाकारातला छेदच बदललेला असतो.

पेशीकुळ ठरवताना

बी-कुळासाठी सीडी १९ हा मुख्य मार्कर, आणि त्याला सीडी ७९ए, पेशीद्रव्यातील सीडी २२ किंवा सीडी १० यांची जोड लागते. टी-कुळासाठी निर्णायक पुरावा सीडी ३ चाच. मायलॉइड कुळासाठी मायलोपेरॉक्सिडेज, किंवा मोनोसाइटकडे झुकणारे सीडी ६४, सीडी १४, सीडी ११सी यांसारखे किमान दोन मार्कर. बाकीचे सर्व मार्कर साहाय्यक आहेत, आणि त्यांच्यावर विसंबून निर्णय घेऊ नये : सीडी ७ टी-पेशींवर असते तसे अनेक मायलॉइड ल्युकेमियांतही असते, सीडी ४ मोनोसाइटवर मंद असते, सीडी ७९ए काही टी-ल्युकेमियांत मंद दिसते, आणि ८ व २१ या गुणसूत्रांत अदलाबदल झालेल्या मायलॉइड ल्युकेमियात सीडी १९ व सीडी ५६ दोन्ही आढळतात. या शेवटच्या चित्रात खरे तर गुणसूत्रीय बदलाचीच सूचना असते, आणि जाणकार पॅथॉलॉजिस्ट ती अहवालात लिहितो.

मार्कर आहे की नाही एवढे पुरत नाही. त्याची तीव्रता किती, हे पाहावे लागते, आणि ती मोजण्याची पट्टी नमुन्यातच असते. पेशीद्रव्यातील सीडी ३ ची तुलना त्याच ट्यूबमधील निकोप टी-लिम्फोसाइटशी करावी. मायलोपेरॉक्सिडेजसाठी उरलेले न्यूट्रोफिल ही होकारार्थी आणि लिम्फोसाइट ही नकारार्थी पट्टी. २०२२ च्या वर्गीकरणाने मिश्र पेशीकुळाच्या ल्युकेमियासाठी हेच तत्त्व आकड्यात बांधले आहे : ब्लास्टच्या काही भागात तरी सीडी ३ ची तीव्रता पक्व टी-पेशींच्या, मायलोपेरॉक्सिडेजची पक्व न्यूट्रोफिलच्या आणि सीडी १९ ची निकोप पूर्वज बी-पेशींच्या तीव्रतेच्या ५० टक्क्यांहून अधिक असावी. मिश्र पेशीकुळाचे निदान दुर्मीळ आहे आणि उपचारकर्त्या डॉक्टरांना पेचात टाकणारे आहे, म्हणून ते एखाद्या मंद मार्करच्या आधारावर कधीही करू नये.

सीडी ३४ नाही म्हणून ब्लास्ट नाहीत, हा आणखी एक सार्वत्रिक गैरसमज. मोनोसाइट कुळातील ल्युकेमिया, प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया आणि एनपीएम१ जनुकातील बदलामुळे होणारा मायलॉइड ल्युकेमिया यांत सीडी ३४ बहुधा नसते. मायलोपेरॉक्सिडेज नसणे म्हणजे मायलॉइड नसणे, असेही नाही. अत्यल्प परिपक्वता असलेल्या मायलॉइड ल्युकेमियात ते नसते आणि निदान सीडी १३, सीडी ३३, सीडी ११७ यांच्या एकत्रित चित्रावर व लिम्फॉइड मार्करच्या अभावावर उभे राहते. प्लेटलेट कुळातील ब्लास्ट सीडी ४१ आणि सीडी ६१ वरून ओळखतात, पण प्लेटलेट कोणत्याही पेशीला चिकटून खोटा होकार देऊ शकतात. तेथे स्लाइड पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टी-ल्युकेमियात एक उपप्रकार आवर्जून ओळखावा. सीडी १ए आणि सीडी ८ नसणे, सीडी ५ मंद असणे आणि सोबत सीडी ३४, सीडी ११७, सीडी १३ किंवा सीडी ३३ यांसारखा एखादा मूळपेशीचा वा मायलॉइड मार्कर असणे, ही आरंभिक टी-पूर्वज ल्युकेमियाची लक्षणे २००९ साली प्रथम वर्णिली गेली. हे ब्लास्ट मायलॉइड वाटू शकतात. तेजस्वी सीडी ३ पेशीद्रव्यात असणे हीच त्यांची खरी ओळख.

लहान मुलांच्या मज्जेत आणि केमोथेरपीनंतर सावरणाऱ्या मज्जेत निकोप पूर्वज बी-पेशी मोठ्या संख्येने असतात. त्यांना हेमॅटोगोन म्हणतात आणि त्यांना ल्युकेमिया समजण्याची चूक फार महाग पडते. त्यांच्यावरही सीडी १९, सीडी १० आणि सर्वांत अपक्व टप्प्यात सीडी ३४ असते. फरक मार्करच्या यादीत नसून मांडणीत आहे. हेमॅटोगोन परिपक्वतेची पूर्ण वाट दाखवतात : सीडी ३४ मावळते, सीडी १० हळूहळू मंद होते, सीडी २० उगवते, सीडी ४५ तेजस्वी होत जाते, आणि आलेखावर ही वाट दरवेळी त्याच वळणाने जाते. ल्युकेमियाच्या पेशी मात्र या वाटेवर एका जागी थांबून घट्ट पुंजका करतात किंवा वाटेपासून दूर असतात : सीडी १० प्रमाणाबाहेर तेजस्वी, सीडी ३८ मंद, सीडी ५८ तेजस्वी, सीडी ४५ मंद किंवा नाहीसे. ही निकोप वाट डोळ्यांत बसवण्यासाठी ल्युकेमिया नसलेल्या मज्जेचे, उदाहरणार्थ प्रतिकारशक्तीमुळे प्लेटलेट कमी झालेल्या मुलांच्या मज्जेचे, नमुने आपल्या पॅनलवर चालवून जपून ठेवावेत. एवढे एक काम केलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालात फरक दिसतो.

प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया : तासांचा प्रश्न

अक्यूट प्रोमायलोसाइटिक ल्युकेमियात रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते आणि मेंदूत किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होऊन रुग्ण पहिल्या काही दिवसांतच दगावू शकतो; तोच रुग्ण वेळेवर ट्रेटिनॉइन आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड मिळाल्यास बहुधा पूर्ण बरा होतो. मृत्यू आणि पूर्ण बरे होणे यांत इतके कमी अंतर असलेला दुसरा ल्युकेमिया नाही, आणि म्हणून येथे प्रयोगशाळेची जबाबदारी सर्वांत मोठी आहे. फ्लो सायटोमेट्रीवर कणमय पेशींचा मोठा पुंजका, तेजस्वी आणि एकसारखे सीडी ३३, कमी-अधिक पसरलेले सीडी १३, तीव्र मायलोपेरॉक्सिडेज, सीडी ११७ असणे, आणि एचएलए-डीआर, सीडी ३४ व सीडी ११बी नसणे, असे चित्र दिसताच छापील अहवालाची वाट न पाहता उपचारकर्त्या डॉक्टरांना दूरध्वनी करावा आणि केव्हा व कोणाला कळवले याची नोंद ठेवावी. ट्रेटिनॉइन केवळ संशयावरून सुरू करायचे असते; पीएमएल आणि आरएआरए या जनुकांच्या जोडणीची खात्री फिश किंवा पीसीआर चाचणीने मागाहून होते.

मात्र या चित्राला दोन अपवाद आहेत. सूक्ष्मकणी प्रकारात कणमयता कमी असते आणि सीडी ३४ व सीडी २ दिसू शकतात. अशा पेशींचे दुभंगलेले, फुलपाखराच्या आकाराचे केंद्रक स्लाइडवरच ओळखता येते. दुसरीकडे एनपीएम१ बदल असलेल्या काही मायलॉइड ल्युकेमियांतही एचएलए-डीआर आणि सीडी ३४ दोन्ही नसतात. त्यांच्या केंद्रकाला पेल्यासारखा खळगा पडलेला असतो. दोन्ही ठिकाणी निर्णय स्लाइड आणि आलेख एकत्र पाहूनच होतो.

यंत्राची निगा

दररोज प्रमाणित मण्यांनी यंत्र तपासून त्याचे आकडे लेव्ही-जेनिंग्ज आलेखावर नोंदवावेत, म्हणजे लेसरची किंवा डिटेक्टरची हळूहळू होणारी घसरण वेळीच कळते. रंगद्रव्यांचे प्रकाश एकमेकांत मिसळतात. ही मिसळण वजा करण्याच्या क्रियेला कॉम्पेन्सेशन म्हणतात आणि ती एकेका रंगाने रंगवलेल्या स्वतंत्र नमुन्यांवरून बसवावी लागते. जोडरंगद्रव्ये उजेडात विघटित होऊन भलत्याच रंगात चमकू लागतात, त्यामुळे अशी प्रतिपिंडे अंधारात व शीतकपाटात ठेवावीत आणि नवी बाटली उघडताना जुन्या बाटलीशी ताडून पाहावी. उत्पादकाने छापलेली मात्रा प्रमाण न मानता प्रत्येक प्रतिपिंडाची मात्रा आपल्या यंत्रावर ठरवून घ्यावी. तसे केल्याने निकाल सुधारतो आणि प्रतिपिंडेही वाचतात.

अहवाल

‘सीडी १९ : ८७ टक्के होकारार्थी, सीडी १० : ६२ टक्के होकारार्थी’ अशी यादी म्हणजे अहवाल नव्हे. २० टक्क्यांच्या वर होकार आणि खाली नकार, ही जुनी पद्धत आता सोडून द्यावी. अहवालात नमुन्याचा प्रकार व स्थिती, विकृत पेशींचा पुंजका कोठे सापडला, त्यावर कोणते मार्कर तेजस्वी, मध्यम, मंद किंवा अंशतः आहेत आणि कोणते नाहीत, हे वाक्यांत लिहावे, आणि शेवटी स्लाइडशी जुळवून काढलेला निष्कर्ष द्यावा. निष्कर्षात पुढील जनुकीय चाचणीची दिशाही असावी : सीडी १० नसलेल्या आणि सीडी १५ असलेल्या तान्ह्या बाळाच्या बी-ल्युकेमियात केएमटी२ए जनुकाची तपासणी, तर सीडी १३, सीडी ३३ व सीडी ६६सी असलेल्या बी-ल्युकेमियात बीसीआर-एबीएल१ ची. सीडी २० तेजस्वी, सीडी १० असलेले, पण सीडी ३४ व टीडीटी नसलेले आणि एकाच प्रकारची हलकी साखळी पृष्ठभागावर धारण करणारे बी-ब्लास्ट हे बर्किट लिम्फोमाचे द्योतक असून त्याचे उपचार सर्वस्वी वेगळे आहेत, हेही स्पष्ट लिहावे.

निदानाच्या वेळची मूळ संगणकीय फाइल जपणे हा अहवालाचाच भाग मानावा. उपचारानंतर मज्जेत १० हजार पेशींमागे एक, म्हणजे ०.०१ टक्के, इतके कमी ब्लास्ट शोधायचे असतात आणि त्यासाठी किमान १० लाख पेशी वाचून २० ते ५० पेशींचा सुसंगत पुंजका सापडावा लागतो. मूळ ब्लास्ट निकोप पेशींहून नेमके कशात वेगळे होते हे ठाऊक असल्यास हा शोध सोपा होतो. रुग्ण पुढे दुसऱ्या रुग्णालयात गेला, तरी ती फाइल त्याच्याबरोबर जाईल अशी व्यवस्था असावी.

सीडी १९ ला लक्ष्य करणाऱ्या उपचारांमुळे या कामात अलीकडे एक नवी अडचण उभी राहिली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल सेंटर यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली, आणि ब्लिनाटुमोमॅबही वापरात आहे. या उपचारांनंतर आजार उलटल्यास ब्लास्टवरील सीडी १९ नाहीसे झालेले असू शकते. सीडी १९ वर पहिले गेट आखणाऱ्या पॅनलला असे ब्लास्ट दिसतच नाहीत आणि ‘शिल्लक आजार आढळला नाही’ असा खोटा दिलासा दिला जातो. म्हणून नमुन्याच्या अर्जावर सीडी १९ विरोधी उपचार झाले आहेत का, असा स्वतंत्र रकाना असावा, आणि उत्तर होकारार्थी असल्यास बी-पेशी सीडी २२, सीडी २४ आणि पेशीद्रव्यातील सीडी ७९ए यांच्या आधारे शोधाव्यात. सीडी २२ विरोधी औषधही दिलेले असेल तर सीडी २२ वरचाही भरवसा सोडावा.